फोटोबाईंचा उजवा हात

भर दुपारी, दवाखान्याच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली, तांबड्याभडक काचांचा चष्मा लावून एक बाई बाकावर बसलेल्या असत. हात मांडीवर, मान ताठ, ओठ मिटलेले. काचा इतक्या गडद की आत डोळे आहेत की नाहीत तेही कळू नये. परळ-लालबागच्या बायका त्यांच्यासमोरून जाताना पदर गच्च आवळून घेत, कारण त्या चष्म्यातून कपड्यांच्या आतलं, कपड्यांच्याच काय, कातडीच्याही आतलं दिसतं अशी सगळ्यांची पक्की खात्री होती. पोटुशी बाई असली तर ती लांबच्या फाटकाने वळसा घालून जायची. आमच्या चाळीत त्यांना फोटोबाई म्हणत. एक्स-रे हा शब्द तेव्हा आमच्या जिभेवर बसलेला नव्हता. हाडांचा काढला तरी तो फोटोच, आणि काढणाऱ्या त्या फोटोबाई. चांगल्या शिकलेल्या डॉक्टर होत्या, पण डॉक्टरीणबाई म्हणजे बाळंतपण करणारी, असा आमचा हिशेब होता.

चष्म्याचं खरं कारण त्यांनीच मला पुढे सांगितलं. अंधाऱ्या खोलीतल्या चमकत्या पडद्यावर माणसाचं आतलं बघायचं, तर डोळ्यांना आधी अंधाराची सवय व्हावी लागते. उजेडातून एकदम आत गेलं तर काही दिसत नाही. तांबड्या काचा लावल्या की बाहेर बसूनही डोळ्यांचा अंधार सुरू होतो. "मी तुम्हाला इथे बसलेली दिसते, पण मी केव्हाच आत गेलेली असते," असं त्या म्हणत. कारण कळलं म्हणून माझी भीती गेली, असं काही झालं नाही. उलट त्यानंतर त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं की वाटे, आता इथे नुसतं लुगडं आणि चष्मा आहे.

बाईंना चेहरे लक्षात राहत नसत. लालबागच्या नाक्यावर कुणी ओळखीचं समजून नमस्कार केला तर त्या त्याच्या आरपार बघत. माणूस खट्टू होऊन चालू लागला की त्याच्या पाठमोऱ्या चालीकडे बघून मागून हाक यायची, "अहो, डाव्या मांडीत खिळा! कसे आहात?" भर रस्त्यात. माणूस बिचारा लाजून चूर. एकदा मी विचारलं, की माणसाचं तोंड तुम्ही बघतच नाही का. त्या म्हणाल्या, "तोंड तू आरशात बघतेसच की. तुला जे बघता येत नाही, तेवढं मी बघते."

या विसराळूपणाचा एकदा चांगला उपयोग झाला. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे आणि गोळीबार यांचे ते दिवस. जखमी झालेली पोरं घरच्या घरी पट्ट्या बांधून पडून राहत आणि अगदीच असह्य झालं की दवाखान्यात येत. खुब्याच्या हाडात गोळी अडकलेला कोण आला होता, हे विचारायला एक पोलीस अधिकारी बाईंकडे आला. बाईंनी त्याला फोटो सरळ दाखवला, गोळी कुठे आहे ते पेन्सिलने दाखवलं, आणि म्हणाल्या, "याला भेटायचं असेल तर शहरातल्या सगळ्यांचे खुबे घेऊन या, लगेच ओळखून देते. तोंडाचं मला विचारू नका." वरून तांबड्या काचा त्याच्यावर रोखलेल्या. तो टोपी सारखी करत निघून गेला, आणि जाताना त्याने म्हणे दोन्ही हात खुब्यांवर धरले होते. हे शेवटचं आमच्या चाळीने आपल्या पदरचं घातलेलं असणार.

त्यांच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. त्यात जुन्या फिल्मा उभ्या लावलेल्या. त्यातली बरीचशी माणसं आता हयात नाहीत, असं त्या सहज बोलून जात. जुन्या फिल्मांमधून चांदी निघते, म्हणून भंगारवाला फेऱ्या मारायचा. बाई त्याला दारातूनच परत पाठवत. "माणसं मी भंगारात देत नाही," म्हणत. दमट हवेच्या दिवसांत त्या फिल्मा आपोआप वाकत आणि बंद कपाटातून मधूनच कर्रर असा आवाज येई. मी दचकले की बाई मान वर न करता म्हणत, "काही नाही. कूस बदलतायत."

आता मी त्या खोलीत जाऊन पोहोचले कशी, ते सांगायला हवं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात होते. माझा उजवा गुडघा दुखू लागला. दिवसा थोडा, रात्री फार. चाळीतल्या प्रत्येकाकडे गुडघ्यावर औषध होतंच. तेलं झाली, शेक झाले, निर्गुडीचा पाला झाला. गुडघ्याचा फोटोही काढला, त्यात काही नव्हतं. एका डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलीचं लग्न करा, दुखणं पळून जाईल. मला इतका राग आला की दोन दिवस मी लंगडायचंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की मी लंगडते ती गुडघ्यातून नाही, खुब्यातून लंगडते.

बाबा तेव्हा घरी नव्हते. गिरणीतले विणकर, सत्याग्रहात पकडले जाऊन आत होते. घरात आई आणि मी. आई मालवणकडची, कोणत्याही संकटाला न डगमगणारी, पण देवाशी मात्र घासाघीस करणारी. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढत चढत त्याच्या अंगावर जाड थर होतो आणि कधीतरी तो थर आपोआप सुटून खाली पडतो. त्याला कवच म्हणतात. देवाने कवच टाकणं ही फार मोठी गोष्ट, पिढीत एखाद्याला बघायला मिळते. नेमकं त्याच सुमाराला आमच्या मारुतीने कवच टाकलं. आईने पुजाऱ्याकडून त्याचा तुकडा मिळवला, तो कुटून तेलात खलला आणि माझ्या खुब्यावर जाड लेप दिला. वरून एरंडाचं पान आणि फडकं. थर वाळला की त्यावर दुसरा. काढायचा नाही, धुवायचा नाही, कुणाला दाखवायचाही नाही.

खुब्याचा फोटो दादरला एका खाजगी ठिकाणी काढला. काढणारा तरुण पुरुष, मी एकोणीस वर्षांची, आणि जागा खुब्याची. तो बिचारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, लुगडं नीट करून झोपा. आईने लुगडं असं काही नीट केलं की त्याला लेपच काय, माझं पाऊलही दिसलं नसेल. फोटो निघाला. ज्यांना तो दाखवायचा होता त्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनीही माझा पाय लुगड्यावरूनच फिरवून पाहिला. आई शेजारी उभी होती, आणि आई शेजारी उभी असताना वेगळं काही करण्याची कुणाची छाती नव्हती.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मला दिसलं ते असं, की खुब्याच्या हाडावर एक पांढरा ढग फुटला होता आणि त्याचे फटकारे हाडाबाहेर मांसात गेले होते. ते म्हणाले, "आधी तुकडा काढून तपासू. पण मन घट्ट करून ठेवा. ही गाठ वाईट दिसते. पाय खुब्यापासून काढावा लागेल, आणि तोही लवकर." मग म्हणाले, त्याआधी परळला फोटोबाईंचं मत घ्या.

आईने चिठ्ठी पदरात बांधली. ट्रामच्या थांब्यापर्यंत मी सारखी माझ्या उजव्या पावलाकडे बघत होते. त्या पावलाच्या करंगळीचं नख लहानपणी दारात चेमटून वाकडं झालेलं. ते मला तोवर कधी आवडलं नव्हतं.

बाईंनी फोटो घेतला, एकदाच पाहिला आणि विचारलं, "दुसरी बाजू कुठाय?"

"डावा पाय दुखत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच हवा. डावं-उजवं शेजारी ठेवल्याशिवाय खोटं ओळखू येत नाही." मग त्यांनी आमच्याकडे न बघता आतल्या खोलीचं दार उघडलं.

आत काळोख म्हणजे हात समोर धरला तर दिसू नये असा. मला एका थंड फळीला पाठ लावून उभं केलं आणि पुढ्यात एक चौकोनी पडदा आणला. बाईंनी चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. मग काहीतरी गुणगुणू लागलं आणि बाईंच्या तोंडावर हिरवट उजेड पडला. पडद्याची दिसणारी बाजू त्यांच्याकडे होती. मला दिसत होतं ते फक्त त्यांचं तोंड, अधांतरी, पाण्याखाली असल्यासारखं. आणि त्यांच्या मागे आईचं. आई हट्टाने आत थांबली होती. तिने पडद्यावर काय पाहिलं ते तिच्या श्वासावरून मला कळलं. आपल्या पोटची पोर तिने हाडांची उभी पाहिली होती. पुढे ती कितीदा तरी म्हणायची, की त्या दिवशी मी तुला मेल्यावर कशी दिसशील तशी बघून घेतली, आता मला यमाची भीती नाही.

"उजवीकडे वळ," बाई म्हणाल्या. "आणखी. आता हळूहळू परत." मी वळले, परत वळले. बाईंचा आवाज एकदम हलका झाला. "हाड एकीकडे जातंय, आणि हे दुसरीकडे." पुन्हा वळवलं. "हे सुटून बाहेर येतंय. मुली, हे तुझ्या आत नाही. तुझ्या अंगाबाहेर आहे. कुणीतरी तुझ्यावर ठेवलंय."

आई मटकन खाली बसली. तिच्या दृष्टीने याचा एकच अर्थ होता, करणी. बाईंना त्याची कल्पनाही नव्हती. त्यांनी अंधारातच हात पुढे केला, माझ्या लुगड्याची निरी आणि आतलं फडकं-पान सरकवून खुब्यावर बोट टेकवलं आणि ते नाकाशी नेलं. "तेल," त्या म्हणाल्या. "आणि शेंदूर."

दिवा लागला. तेव्हा मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. उजवा. नखं काळी पडून झिजलेली, कातडी भेगाळलेली, दोन बोटांना पट्ट्या. मी बघते आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "भाजलाय. विस्तवाने नाही, याच किरणांनी." आणि विषय संपवला.

मग त्यांनी आईला समजावलं. शेंदूर म्हणजे शिसं, आणि शिशाची फोटोत दाट सावली पडते. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलेली गाठ हीच असेल, किंवा हिच्याखाली आणखीही काही असेल. लेप काढल्याशिवाय सांगता येणार नाही. आई जमिनीवर बसूनच ऐकत होती. "कवच आसा ता," ती म्हणाली. "देवान सोडलेला. काढूक देवचंय नाय. ता काढला तर चेडू जातला." चेडू म्हणजे मुलगी, मी.

"आणि नाही काढलं तर पाय जाईल."

"देव कोपलो तर?"

कुणीही शिकलेला माणूस इथे हसला असता. मी स्वतः मास्तरीण होऊ घातलेली, मलाही आईची लाजच वाटत होती. बाई हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका. मुलीनेही लावायचा नाही. मी काढते. कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी खोबरेल मागवलं. कापूस त्यात बुडवून त्या पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्यांनी थरावर थर सोडवत आणला. हे काम मदतनीस बाईला सांगता आलं असतं. पण आईला दिलेला शब्द त्यांनी अक्षरशः पाळला. कापसाचे बोळे लाल होत होते आणि आई भिंतीकडे बघत स्तोत्र पुटपुटत होती.

नवा फोटो निघाला. ओली फिल्म, पाणी गळत असलेली, त्यांनी उजेडावर लावली, शेजारी डाव्या खुब्याची. ढग नव्हता. माझ्या तोंडून हुंदकाच फुटला. पण बाई बघतच राहिल्या.

"रात्री जास्त दुखतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"डोकेदुखीची गोळी घेतलीस कधी?"

घेतली होती. घेतली की दुखणं पार थांबायचं, याचं मला नवलही वाटलं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी पेन्सिलचं टोक फिल्मवर टेकवलं. मांडीच्या हाडाची मान असते, तिथे हाड जरा जाड, जास्त पांढरं झालं होतं. त्यात एक काळा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा. "ही मात्र खरी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "राहते खुब्यात आणि दुखते गुडघ्यात, म्हणून सगळे चुकीच्या दारात जातात. पण ही जीव घेणारी नाही. पायही घेणारी नाही. एवढा दाणा उचलला की झालं."

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले आणि बाईंना म्हणाले, "बरं झालं, तुम्हाला दाखवायची बुद्धी झाली." शस्त्रक्रियेच्या वेळी बाई स्वतः हजर राहिल्या. तेवढाच तुकडा निघाला, तपासणीत बाईंचं निदान बरोबर ठरलं, आणि माझा पाय माझ्यापाशी राहिला. शुद्धीवर आल्यावर पहिल्याच रात्री ते जुनं दुखणं नव्हतं. टाके दुखत होते, पण ते दुखणं साधं, दिवसाउजेडाचं होतं. बाबा सुटून आले तेव्हा मी जिना उतरून त्यांना घ्यायला खाली गेले.

मला बाई फार आवडू लागल्या. भीती वाटायची आणि आवडायच्याही. ट्रेनिंगहून सुटले की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. माझा चेहरा त्यांना कधीच लक्षात राहिला नाही. दारात उभी राहिले की त्या परक्यासारखं बघत. मग मी चार पावलं चालून दाखवायची, आणि त्या म्हणायच्या, "अरे, शालन! ये."

आई मात्र आली की त्यांच्या उजव्या हाताकडेच बघायची. आधी पट्ट्या दोन बोटांना होत्या, मग तीन झाल्या. पहिलं बोट काढावं लागलं तेव्हा आई घरी येऊन जेवली नाही. मी तिला पुष्कळ सांगितलं. पूर्वी किरणांचा धोका कुणाला नीट ठाऊक नव्हता. लहान मुलांची मोडलेली हाडं बसवताना बाई वर्षानुवर्षं उघडा हात किरणांखाली धरत आल्या, त्याचं हे फळ. बाईंनी स्वतःही सांगितलं, "तुमच्या शेंदराच्या कितीतरी आधीपासून हा हात बिघडलाय हो." आई मान डोलवायची. पटलं म्हणून नव्हे, एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला खोटं पाडायचं कसं म्हणून.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, गिरणगावात घरोघरी दिवे लागले, आणि त्याच दिवसांत बाईंचा उजवा हात मनगटापासून काढला. मी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका ठावक होता." मी चिडले, तिला नको ते बोलले. विज्ञानाचं जे मी वर्गात शिकवायचे, तेच तिच्यासमोर ओरडून सांगितलं. पण त्या संध्याकाळी माझाच उजवा पाय टेकताना मला चमत्कारिक वाटत होतं, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार? पाय मला मिळाला होता आणि हात त्यांचा गेला होता. मधलं गणित मला येत होतं, तरी ते सुटत नव्हतं.

आम्ही दोघी त्यांना भेटायला गिरगावात त्यांच्या घरी गेलो, ती शेवटची भेट. पुढे आजार काखेत आणि मग छातीत उतरला आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. त्या दुपारी त्या खाटेवर पडून होत्या. चष्मा नव्हता. त्यांचे डोळे साधे, घारे होते. उजवी बाही मनगटाशी दुमडून टाचली होती. मी चालून दाखवण्याआधीच त्यांनी ओळखलं, कारण आई आत येताच त्यांचे पाय धरून रडू लागली होती.

"उठा हो," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शालन, गंमत बघ. अंगठ्याशेजारचं बोट दुखतंय. रात्रंदिवस. फोटो काढून घेतला मी. मनगटाच्या पुढे काही नाही, कोरी फिल्म. जन्मभर लोकांना सांगत आले, की आधी फोटोत दाखवा. आता मी कुणाला काय दाखवू?" त्या हसायला गेल्या, पण कळ आली असावी. कपाळावर घाम फुटला.

तुटलेल्या अवयवाची अशी वेदना असते, हे मी वाचलेलं होतं. ते आठवून उपयोग काय?

आईने डोळे पुसले, उठून खाटेच्या कडेवर बसली आणि विचारलं, "खंय दुखता?"

बाईंनी डाव्या हाताने चादरीवरची मोकळी जागा दाखवली. टाचलेल्या बाहीच्या पुढे, वीतभर.

आईने दोन्ही हात तिथे नेले. चादरीला न टेकवता, जरा वर. आणि तिथे जे नव्हतं ते तिने हातात घेतलं. एका हाताने तळवा सावरल्यासारखा केला आणि दुसऱ्या हाताने ते बोट मुळापासून टोकापर्यंत हळूहळू चेपू लागली. "ह्या?"

"त्याच्या शेजारचं."

आईने बोट बदललं. चेपत राहिली. मध्येच थांबून नखाशी जरा जपून, कारण तिथे भेगा होत्या. मला हसू यायला हवं होतं. माझ्या अंगावर काटा आला. बाईंचा चेहरा सैल पडत गेला, कपाळावरचा घाम सुकला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हं. थांबलं." आणि त्यांचा डोळा लागला.

बाहेर उन्हं कलली. बाईंची भावजय दिवाबत्तीला उठली. मी आईच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "आई, चल आता."

आई हलली नाही. दोन्ही हात तसेच चादरीच्या वर, आत काहीतरी जड धरल्यासारखे. मान न वळवता ती मला म्हणाली, "हात खाली कसो ठेवू गो? जाग येतली तेंका."